टूबीएचकेचा भाव कसा सांगायचा? थेरगावच्या नणंद-भावजयीच्या साफसफाई व्यवसायाचं प्रकरण

पुण्याजवळच्या थेरगाव आणि काळेवाडीच्या चाळींतून रोज सकाळी बायकांचे घोळके वाकड-हिंजवडीच्या टॉवरकडे निघतात. त्यातल्या कितीतरी मराठवाड्यातून आलेल्या. या प्रकरणातल्या दोघीही तिकडच्याच, लातूर जिल्ह्यातल्या. नात्याने नणंद-भावजय. नावं न देण्याचं आमचं ठरलंय, म्हणून इथे त्यांना वहिनी आणि ताई म्हणते. घरात त्या एकमेकींना तशीच हाक मारतात. मी बचत गटांचे हिशेब बघते आणि त्यांची वही पहिल्यापासून माझ्या डोळ्यांखालून गेली आहे. पुढचे आकडे त्या वहीतले आहेत, थोडे गोल केलेले.

वहिनी वाकडच्या एका सोसायटीत सहा घरी धुणी-भांडी आणि केर-फरशी करायच्या. ताई हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगला होत्या. करोनात कचेऱ्या ओस पडल्या, ठेकेदाराने माणसं कमी केली, ताई घरी बसल्या. पण त्या कामातून त्या एक शिकून आल्या होत्या. कुठल्या डागाला कुठलं औषध, ते पाण्यात किती घालायचं, मशिन कसं धरायचं, संडासाचा कपडा स्वयंपाकघरात का न्यायचा नाही, हे त्यांना ठाऊक होतं. हाउसकीपिंगमध्ये औषधांना नंबराने ओळखतात: आर-वन बाथरूमचं, आर-टू फरशीपासून ओट्यापर्यंत सगळ्याला चालणारं, आर-थ्री काचेचं, आर-सिक्स संडासाच्या भांड्याचं. आम्ही घरी जे काम डोळे मिटून करतो ते ताईंच्या डोक्यात पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेलं होतं. वहिनींकडे गिऱ्हाईक होतं, ताईंकडे हुन्नर. धंदा या जोडीवर उभा राहिला. भांडवल म्हणाल तर बचत गटातून उचललेले पंधरा हजार.

पहिलं काम

वहिनींच्या एका मालकिणीचा शेजारच्या इमारतीत भाड्याने दिलेला फ्लॅट होता. अकरा महिन्यांचा करार संपला, भाडेकरू गेले, नवे यायचे होते. मालकीण म्हणाली, "मावशी, घर चकाचक करून द्याल का? टूबीएचके आहे, काय घ्याल?" वहिनींनी तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं, दोन हजार.

घर उघडलं तेव्हा कळलं. भाडेकरूंनी स्वयंपाकघरातल्या चिमणीला कधी हात लावला नव्हता, जाळी बोटाला चिकटत होती. ड्राय बाल्कनीत कबुतरांनी घरटं केलेलं, विष्ठेचा थर चढलेला. बाथरूमच्या काचेवर टँकरच्या पाण्याचा पांढरा लेप. बेडरूमच्या भिंतीवर लहान मुलाने क्रेयॉनने गिरवलेलं. आणि मुख्य म्हणजे वीज बिल थकल्याने मीटर बंद, त्यामुळे ताईंनी मागून आणलेला व्हॅक्युम तसाच पडून राहिला. पहिल्या दिवशी दोघी नऊ-नऊ तास खपल्या. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या दोघींना पाचशे-पाचशे कबूल करून बोलावलं, तेव्हा कुठे चौघींनी आठ तासांत घर हातावेगळं केलं.

दोन हजार आले. हजार शेजारणींना गेले. औषधं, घासण्या, कपडे चारशे वीसचे. रिक्षा दोनशे चाळीस. उरले तीनशे चाळीस, म्हणजे दोघींना दिवसाला पंच्याऐंशी रुपये. शिवाय वहिनींचा सहा घरी खाडा पडला तो वेगळाच, आणि एका बाईने तो महिनाअखेरीला कापूनही घेतला.

दोघी वही घेऊन आल्या तेव्हा त्यांना वाटत होतं की औषधं महाग पडली. मी त्यांना तास मोजायला सांगितले. पहिल्या दिवशीचे अठरा, दुसऱ्या दिवशीचे बत्तीस. एकूण पन्नास तास, आणि मिळाले दोन हजार. तासाला चाळीस रुपये, तेही औषधं आणि रिक्षा वजा करण्याआधी. मग वहिनींच्या रोजच्या कामाचा हिशेब केला: एका घरी दीड तास, महिन्याला सव्वीस दिवस, पगार अडीच हजार. तो तासाला चौसष्टच्या आसपास पडतो. म्हणजे धंदा काढून त्या धुण्या-भांड्यांपेक्षा कमी कमावत होत्या.

वहिनी बराच वेळ वहीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण टूबीएचकेचा भाव सांगायलोय, अन् काम करायलोय तासाचं."

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. छोट्या साफसफाईच्या धंद्यात बुडणाऱ्या बहुतेक बायका कष्टाला कमी पडत नाहीत, त्या भाव सांगताना बुडतात. बीएचके हे बिल्डरचं मोजमाप आहे. त्यावरून घर केवढं ते कळतं, मळ किती ते कळत नाही. दोन म्हाताऱ्या माणसांचा रोज पुसला जाणारा टूबीएचके आणि चार बॅचलर पोरांनी दोन वर्षं वापरलेला टूबीएचके यांत दुपटीचा फरक सहज पडतो. तरीही गिऱ्हाईक फोनवर पहिला प्रश्न विचारतं तो हाच, आणि नवी बाई घाबरून, काम हातचं जाईल या भीतीने, एक आकडा सांगून मोकळी होते.

घर बघून येणं

त्यानंतर नियम झाला: घर बघितल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. बघायला ताई जातात, कारण वहिनींना ओळखीच्या माणसांपुढे भीड पडते. घर लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर बघतात, पण ठरावीक जागा दाखवायला लावतात: चिमणीची जाळी काढून, गॅसमागच्या टाइल्स, बाथरूमची काच तिरक्या उजेडात, सरकत्या खिडकीचा रूळ, लॉफ्ट, ड्राय बाल्कनी, ट्रॉलीचा खालचा खण. पाणी किती वाजता जातं, वीज चालू आहे का, लिफ्ट चालू आहे का, सामान घरात आहे की घर रिकामं, हेही विचारतात. मग कागदावर तास मांडतात.

नेहमीच्या वापरातलं, फार न तुंबलेलं टूबीएचके चौघी सात तासांत काढतात, म्हणजे अठ्ठावीस तास. गिऱ्हाइकाला लावायचा दर त्यांनी तासाला एकशे तीस ठरवला. बिल झालं तीन हजार सहाशे चाळीस. त्यातून चौघींची मजुरी प्रत्येकी सहाशे, म्हणजे चोवीसशे. औषधं आणि घासण्या साडेतीनशे, येण्याजाण्याचे दोनशे, मशिनसाठी बाजूला दोनशे. उरतात चारशे नव्वद, ते धंद्याचे. वहिनी आणि ताई त्या चौघींत असतात, म्हणून त्यांनाही सहाशेच मिळतात. ही गोष्ट मी हट्टाने लिहून घेतली. मालकीण स्वतः काम करत असेल तर तिची मजुरी आधी धरायची, नफा त्यानंतर. ती धरली नाही तर ज्या दिवशी मालकीण आजारी पडेल आणि तिच्या जागी बाई लावावी लागेल, त्या दिवशी काम तोट्यात जातं.

साडेतीन हजार ऐकून पहिल्या काही गिऱ्हाइकांनी फोन ठेवला. वहिनींचा जीव खालीवर झाला. पण त्याच सोसायटीत मोठ्या कंपन्यांची माणसं येऊन साडेतीन ते साडेचार हजार घेत होती, हे वहिनींना वॉचमनकडून कळलं. दर बाजारात बसतच होता. बसत नव्हता तो ओळखीच्या बायकांच्या मनात, कारण त्यांच्यासाठी वहिनी अजून अडीच हजार पगाराच्या मावशी होत्या. वहिनींनी त्यावर एक शहाणपणाची वाट काढली. ज्या सहा घरी त्या रोज जात, तिथे हे काम घ्यायचंच नाही. त्या मालकिणींनी दुसऱ्यांना नाव सुचवावं, एवढंच.

पन्नास तासांचे अठ्ठावीस कसे झाले

वीज आणि कबुतरं सोडली तरी पहिल्या कामात वेळ गेला होता तो घासण्यात. वहिनींची सवय अशी की डाग दिसला की जोर लावायचा. ताईंची पद्धत उलटी. घरात शिरल्या शिरल्या त्या आधी संडासाच्या भांड्यात, बाथरूमच्या टाइल्सवर आणि गॅसमागच्या चिकटपणावर औषध मारून ठेवतात आणि तिथून निघून जातात. चिमणीची जाळी गरम पाण्यात भिजत टाकतात. मग पंखे आणि लॉफ्ट, वरून खाली. दहा-पंधरा मिनिटांनी परत आल्या की मळ फुगून सुटलेला असतो, हात फिरवला की निघतो. औषधाला वेळ दिला की खांद्याला त्रास कमी, आणि या धंद्यात खांदा आणि गुडघा यांवर सगळं आहे. केर आणि फरशी सगळ्यात शेवटी, आतल्या खोलीतून दाराकडे येत.

चिमणीच्या जाळीचंही एक आहे. कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी तेलाला जालीम, पण जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक ती खातं आणि जाळी काळी पडते. स्टीलची असेल तर काही होत नाही. बोटाने वाजवून आणि वजनावरून ताई ओळखतात. खात्री नसेल तर साधं डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढायचं औषध, आणि जास्त वेळ.

कबुतरांच्या जागेवर कोरडा झाडू कधीच नाही. वाळलेली विष्ठा झाडली की तिची धूळ उडते, ती श्वासातून आत गेली की फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. आधी पाणी शिंपडून ती ओली करायची, मास्क आणि हातमोजे घालायचे, पत्र्याने खरवडून पिशवीत भरायची, मग जागा धुवायची. हे काम वेगळे पैसे लावून घेतात आणि मास्क नसेल तर त्या दिवशी ते काम होत नाही.

आता टँकरच्या पाण्याचं. वाकड-पुनावळ्याच्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. त्या जड पाण्यातला क्षार नळावर आणि काचेवर बसतो, आणि तो साबणाने जन्मात निघत नाही. त्याला आम्लच लागतं. हलका थर असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याचा कपडा गुंडाळून ठेवला तरी पुरतो. जुना असेल तर विकतचं औषध.

याच ठिकाणी त्यांच्या धंद्याला पहिला मोठा फटका बसला. एका घरी बाथरूम करून झाल्यावर नव्याने आलेल्या बाईने तीच बाटली घेऊन बाथरूमचा उंबरठा आणि त्याला लागून असलेलं देवघराचं मार्बल चोळलं. पांढरा मार्बल होता, क्षणभर फेस आला आणि पुसल्यावर चकाकी गेलेला खडबडीत पट्टा उरला. नळावरचा क्षार आणि मार्बल हे मुळात एकाच जातीचे, दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट. जे आम्ल एकाला विरघळवतं ते दुसऱ्यालाही खातं. कोटा आणि शहाबादी फरशीचंही तेच, त्या चुनखडीच्याच. ग्रॅनाइट बऱ्यापैकी तग धरतं. पॉलिशवाल्याला अडतीसशे द्यावे लागले, म्हणजे त्या दिवसाचं बिल आणि वर आणखी काही.

वहिनींना त्या बाईचा राग आला होता. ताईंनी वेगळं पाहिलं: तिला बाटलीवरचं वाचता येत नव्हतं. त्या संध्याकाळी सगळ्या बाटल्यांना रंगीत चिकटपट्ट्या लागल्या. लाल संडासाची, तिचे कपडेही लाल. हिरवी स्वयंपाकघराची. निळी काचेची. आणि आम्लाच्या बाटलीवर काळी पट्टी, ती बाटली फक्त ताईंच्या पिशवीत. आज त्यांच्याकडे नवी बाई आली की तिला पहिल्या दिवशी औषधं दाखवत नाहीत, दगड दाखवतात. हा मार्बल, हा ग्रॅनाइट, ही व्हिट्रिफाइड टाइल. मला ही रीत फार आवडते.

एक सवय मात्र मोडायला वेळ लागला. संडासात ब्लीच टाकून वर टॉयलेट क्लीनर ओतलं की जास्त पांढरं होतं, असा वहिनींचा समज होता. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो छातीत भरतो. वहिनी सांगतात की पूर्वी असं करताना खोकल्याची उबळ यायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण त्या म्हणायच्या औषध कडक आहे. ताईंनी ब्लीच सामानातूनच काढून टाकलं. कडक औषधाने चांगलं निघतं ही समजूत किती घरांत, किती वर्षं बायकांच्या छातीवर बसली असेल, या विचाराने मी अस्वस्थ होते.

चोरीचा आळ

हा प्रसंग आला तेव्हा धंदा जेमतेम रुळला होता. काम आटोपून चौघी घरी पोचल्या आणि फोन आला: सोन्याची चेन सापडत नाही. बाईने सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. चौघी परत गेल्या, वॉचमनच्या केबिनबाहेर तासभर उभ्या राहिल्या, पिशव्या उपसून दाखवल्या. रात्री चेन गादीच्या खोळीत सापडली. बाईने ताईंना फोन करून तसं सांगितलं. ग्रुपवर मात्र काही लिहिलं नाही. त्या सोसायटीतून पुढचे महिने काम आलं नाही.

यात बायकांची काही चूक नव्हती, तरी उपाय त्यांनाच करावा लागला. आता कामाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जो मजकूर जातो त्यात पहिलंच वाक्य असतं की दागिने, पैसे आणि कागदपत्रं कुलपात ठेवावीत, कपाटं आतून पुसायची असतील तर घरच्यांनी स्वतः रिकामी करावीत. प्रत्येक खोलीचा फोटो आधी आणि नंतर. निघताना पिशव्या आपणहून उघडून दाखवायच्या. यावर ताई आणि माझं जुंपलं होतं. मला ते अपमानाचं वाटतं. ताईंचं म्हणणं, "कुणी मागितल्यावर दाखवायची येळ आली तर अपमान. आपण आधीच दाखवली तर ती आपली पद्धत." चारित्र्य पडताळणीचे पोलीस दाखलेही सगळ्यांचे काढून ठेवले.

त्याच मजकुरात शेवटी आणखी एक वाक्य आहे आणि ते वहिनींच्या आग्रहाने आलं: कामाच्या दरम्यान बायकांना बाथरूम वापरू द्यावं आणि प्यायला पाणी द्यावं. सात-आठ तास दुसऱ्याचा संडास घासायचा आणि स्वतःला लागली तर खाली पार्किंगमधल्या ड्रायव्हरच्या संडासात जायचं, हे त्यांनी अनेक घरांत सोसलं होतं. एका गिऱ्हाइकाने हे वाक्य वाचून काम रद्द केलं. वहिनींनी त्याची अगाऊ रक्कम त्याच दिवशी परत केली आणि वाक्य तसंच ठेवलं.

पुण्याला या मागण्यांचा मोठा वारसा आहे. १९८० साली इथल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. सुट्टी, बोनस, पगारवाढ या गोष्टींवर बोलण्याचं बळ घरकामगार बायकांना अशा लढ्यांतून मिळालं. पुढे २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. वहिनींची मंडळात नोंदणी आहे. पण दिवसाच्या उक्त्या कामाला कुणाचं नाव नाही, रोज नवं दार. तिथे माणुसकीच्या अटी आपणच लिहून पाठवाव्या लागतात, आणि लिहून पाठवल्या की बरेच लोक त्या पाळतात असा या दोघींचा अनुभव आहे.

कागदपत्रं आणि पैसा

यात फार वेळ घालवायची गरज नाही, तरी भीती जाण्यासाठी सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. वहिनींकडे एका एजंटाने अठराशे मागितले होते. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार वीसपेक्षा कमी (२०२५ पर्यंत दहापेक्षा कमी) माणसं असतील तर पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण या दोघींनी गटाचं कर्ज फिटेपर्यंत दुसरं घेतलं नाही. नंतर व्हॅक्युम घेतला, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा. फरशी घासायचं गोल मशिन अजून लागेल तेव्हा भाड्याने आणतात.

सगळ्या बायकांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलाय, वर्षाला वीस रुपये आणि अपघातात दोन लाखांचं संरक्षण. तरीही खिडकीबाहेरची काच त्या पुसत नाहीत. अकराव्या मजल्यावर कठड्यावर पाय देऊन काच पुसणारी बाई मी स्वतः पाहिली आहे. ताईंच्या गटात तसं करणाऱ्या बाईला त्या दिवशी खाली उतरवून घरी पाठवतात, मजुरी देऊन.

अर्धे पैसे अगाऊ घेतात, उरलेले काम बघून झाल्यावर जागेवरच. "संध्याकाळी साहेब आले की पाठवते" ही सवलत बंद केली आहे.

घट बसण्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत

मराठी घरात घट बसायच्या आधी अंथरूण-पांघरुणासकट घर धुऊन निघतं, आणि मग दिवाळीला पुन्हा एकदा. सप्टेंबरअखेरीपासून फोन थांबत नाही. पहिल्या दिवाळीत दोघींनी एकालाही नाही म्हटलं नाही. एकेका दिवशी दोन घरं, रात्री अकराला परत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी एका बाईला उलट्या सुरू झाल्या, दुसरीने सांगितलं की माझ्या घरी अजून फराळाची कढई चढली नाही. त्या दोघी परत आल्या नाहीत, आणि त्यांचं मला पटतं.

दुसऱ्या वर्षी दोघींनी दिवसाला एकच घर ठेवलं, धनत्रयोदशीला काम बंद, आणि त्या पंधरवड्यात दर तासाला एकशे साठ. वाढलेल्या तिसातले वीस बायकांच्या मजुरीत गेले. कामं कमी झाली, हातात पैसे जास्त आले आणि एकही बाई सोडून गेली नाही. दिवाळीनंतरचा महिना मात्र कोरडा जातो. तो भाडेकरू बदलण्याच्या कामांवर काढतात. त्यात इस्टेट एजंट दहा टक्के मागतो आणि पैसेही तोच उशिरा देतो, म्हणून आता घरमालकाशी थेट बोलणं झाल्याशिवाय चावी घेत नाहीत. पावसाळ्यात सोफा धुणं बंद, कारण तीन दिवस वाळत नाही आणि घरभर कुबट वास सुटतो.

अलीकडे नवं एक आव्हान आलंय. पंधरा मिनिटांत दारात बाई पाठवणारी अ‍ॅप शहरात आली आहेत, दर तासाचा आणि सुरुवातीला फारच स्वस्त. गटातली एक तरुण मुलगी तिकडे गेली. तिला महिन्याचा ठरलेला पैसा हवा होता आणि या दोघी तो देऊ शकत नव्हत्या. वहिनींनी तिला अडवलं नाही. त्यांनी स्वतः अजून दोन घरची रोजची कामं सोडलेली नाहीत, ती याच कारणासाठी.

सध्या वाद एका बिल्डरच्या कामावरून चाललाय. पुनावळ्यात इमारत तयार झाली आहे, चाळीस फ्लॅट ताबा देण्याआधी साफ करायचे आहेत: टाइल्सवरचा सिमेंटचा धुरकटपणा, काचेवरचे रंगाचे थेंब, खिडक्यांचे रूळ. ताईंना ते हवंय, त्यातून गोल मशिन विकत येईल. वहिनी नको म्हणतात, कारण बिल्डरचा माणूस साठ दिवसांच्या उधारीची भाषा बोलतो आणि बायकांची मजुरी रोज संध्याकाळी द्यावी लागते. हिशेब केला तर चाळीस फ्लॅटची मजुरी साठ दिवस अंगावर घ्यायला जवळपास लाख रुपये लागतील. ते त्यांच्याकडे नाहीत.

इथे उद्यमच्या कागदाचा उपयोग झाला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा छोट्या नोंदणीकृत उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर पंधरा. उशीर झाला तर व्याज. आणि २०२४ पासून त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येतो, आधी नाही. हे शेवटचं बिल्डरच्या अकाउंटंटला चांगलं ठाऊक होतं. कोटेशनवर उद्यम क्रमांक घातल्यावर बोलणं साठ दिवसांवरून तिसावर आलं.

ताई आणि वहिनींनी मधला मार्ग काढला: आधी चारच फ्लॅट, निम्मे पैसे अगाऊ, मशिन भाड्याचं. ते चार फ्लॅट गेल्या आठवड्यात झाले. प्रत्येकाला अंदाजापेक्षा पाच तास जास्त लागले, कारण सिमेंटचा थर दोनदा काढावा लागला. ताईंनी पुढच्या छत्तीसांचा दर त्याप्रमाणे वाढवून पाठवलाय. बिल्डरचं उत्तर यायचंय, आणि पहिल्या चारांचे उरलेले पैसेही. ते जमा होईपर्यंत पुढच्या फ्लॅटच्या चाव्या घ्यायच्या नाहीत, यावर मात्र दोघींचं एकमत आहे.